बावीस डबे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मिरजेच्या विभागीय नेत्रपटल केंद्रातलं आणखी एक नेत्रपटल वाया गेलं, आणि वैजयंती कोरेने ते जाताना डोळ्यांनी पाहिलं. काचेपलीकडच्या बाईंनी नखाएवढा तो तुकडा चिमट्याने उचलला, दिव्याकडे धरला, मान हलवली आणि पिवळ्या बादलीत टाकला. चाळीस मिनिटांपूर्वी तो पाण्यासारखा नितळ होता. आता ताकासारखा पांढुरका झाला होता.

काचेच्या अलीकडे, चार पावलांवर बाकावर तिचा थोरला भाऊ बसला होता. शिवलिंग शेटे, तासगावातले गिरणीवाले, वय अठ्ठावन्न. डावा डोळा अकरा वर्षांपूर्वीच गेलेला, उजव्यावर हिरवी पट्टी.

“गेलं काय?” अण्णांनी विचारलं.

“गेलं.”

“किती कमी पडली?”

“चार मिनिटं.”

“मागल्या येळेलाबी चारच पडली होती की,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा वैजयंतीच्या वाट्याला आला होता.

चक्कीचे दगड महिन्यातून एकदा टाकवावे लागतात. छिन्नीने खाचा पुन्हा उठवायच्या, नाहीतर पीठ नीट निघत नाही. अण्णा हे काम चाळीस वर्षं करत आले होते आणि चाळीस वर्षं त्यांनी चष्मा लावला नव्हता, कारण म्हणे चष्म्यातून दगडाची धार दिसत नाही. एकदा कपची उडून डावा डोळा गेला. तरीही लावला नाही. या जूनमध्ये दुसरी कपची उडाली. डॉक्टर ऐनापुरे बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “काच कागदाएवढी पातळ झालीय. रविवारच्या आत नवीन बसली तर डोळा राहील. आतून फुटली, तर मग जगातलं कुठलंही नेत्रपटल आणा, उपयोग नाही.”

नेत्रपटल म्हणजे बुबुळावरची काच. पूर्वी ते मेलेल्या माणसाच्या डोळ्यातून काढून जिवंत माणसाला बसवत. आता ते केंद्रात पिकवत. पेशींची एक पातळ चादर जाळीवर अंथरायची, कोमट द्रावात अठरा-वीस दिवस ठेवायची. नेमकं कधी पिकणार हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पेशी अचानक नितळ होतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. चाळीस मिनिटांच्या आत ते कुणाच्या डोळ्यात जायचं हे ठरून त्या डोळ्याच्या गोलाईप्रमाणे ते यंत्रावर चढलं पाहिजे, नाहीतर पिवळी बादली आहेच. म्हणून खऱ्या गरजूंना केंद्राच्याच आवारात, मागच्या वॉर्डात आणून ठेवलेलं होतं. माणूस तयार, पटल तयार, डॉक्टर तयार. मध्ये होती फक्त रांग.

नोंदणीच्या खिडकीत मुनीर तांबोळी नावाचा कारकून होता. सभ्य माणूस, पण गेला महिनाभर लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन वैतागलेला. त्याने पडदा वैजयंतीकडे वळवला.

“मॅडम, तुमीच बघा. डाव्या डोळ्यापायी तुमच्या भावाचं नाव पहिल्याच दिवशी लागलंय, तरी त्यांच्या पुढं बावीस जणं हायत. त्यातलं एकबी हितं नाही. सगळ्यांच्या नावापुढं काय लिवलंय? गैरहजर, जागा राखीव. यंत्रणा एकेकाला इचारती, दोन-दोन मिनिटं थांबती, मग पुढच्याला इचारती. बावीस दुणे चव्वेचाळीस. पटल जगतंय चाळीस.”

“मग सगळ्यांना एकदम का विचारत नाही? किंवा आधीच का विचारून ठेवत नाही?”

“तसं त्यात न्हाई.”

“दोन मिनिटांचं एक मिनिट करा.”

“ते प्रमाणित हाय म्हणत्यात. बदलायचं तर मुंबईस्नं मंजुरी, आठ म्हैनं.” मग त्याने जरा चाचरत पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘रांगोबा. लेखिका वै. कोरे, सांगली.’ “मॅडम, हे तुमीच ना?”

ती तीच होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती आग कुणावर काढावी हेच तिला कळेना.

सतरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत दोन दुपारी बसून तिने रांगोबा लिहिला होता. तेव्हा ती सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची. आजही तेच करते. ‘सुतळी’ नावाची एक सोपी भाषा तेव्हा नवीन निघाली होती. दोन मोठे प्रोग्रॅम एकमेकांना बांधायचे, छोटी-मोठी कामं उरकायची, यासाठी लोक ती वापरायचे. त्या भाषेत रांगेची तयार सोय नव्हती. आलेला माणूस मागे उभा करायचा, पुढचा बाहेर काढायचा, एवढंच काम. पण प्रत्येक जण ते आपापल्या परीने चुकीचं लिहायचा. वैजयंतीने एकदाच नीट लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिलं. उचला आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडा.

आणि त्यात तिने एक जास्तीची गोष्ट घातली. ती घरातून आली होती.

तिच्या लहानपणी तासगावच्या गिरणीत दळणाला रांग लागायची ती माणसांची नव्हे, डब्यांची. बायका ज्वारीचा डबा ओळीत ठेवायच्या आणि घरी जायच्या. चुलीवर काहीतरी असायचं, पोर निजलेलं असायचं. नंबर आला आणि बाई नसली तर मागचीचं दळण घ्यायचं, पण डबा जागचा हलवायचा नाही. बाई धावत आली की पुढचा नंबर तिचाच. वडिलांचा हा कायदा होता आणि गिरणीत तो कुणी कधी मोडला नाही. वैजयंतीला तो जगातला सगळ्यात न्याय्य कायदा वाटायचा. रांगोबात तिने तोच लिहिला: जो हजर नाही त्याला दोन मिनिटं हाक मारायची, नाही आला तर पुढच्याला विचारायचं, पण त्याची जागा त्याने स्वतः सोडल्याशिवाय कुणी काढायची नाही. दोन मिनिटं का, तर कासार गल्लीतून गिरणीत धावत यायला तेवढीच लागायची.

लोकांना हे बेहद्द आवडलं. टँकरवाल्यांनी रांगोबा घेतला, मग गॅसवाल्यांनी, रेशनने, दवाखान्यांनी. दूरच्या वस्तीवरच्या माणसाचा नंबर फोनला रेंज नाही म्हणून जाईनासा झाला. वैजयंतीला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, कुणीतरी भाषणात ‘माणुसकीची रांग’ असंही म्हणून घेतलं. बघता बघता एकसष्ट हजार प्रोग्रॅम तिच्या दोन दुपारींवर उभे राहिले.

त्यानंतर आले मदतनीस. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये एक असतो, मालकाची सगळी किरकोळ कामं करणारा. त्या मदतनिसांनी एक गोष्ट झटकन ओळखली: रांगेत जागा धरून ठेवायला काही पडत नाही आणि जागा कधीच जात नाही. मग त्यांनी मालकांना लागो न लागो, दिसेल त्या रांगेत डबे ठेवायला सुरुवात केली. गुडघ्याच्या वाटीच्या रांगेत तिशीतली पोरं, डायलिसिसच्या रांगेत ठणठणीत पैलवान. विचारणा आली की मदतनीस अदबीने म्हणायचा, ‘थांबा, मालकांना विचारतो,’ आणि पुरती दोन मिनिटं घ्यायचा. ‘नको’ म्हटलं की जागा कायमची गेली, म्हणून ‘नको’ कुणी म्हणतच नसे.

गिरणीतल्या डब्यात निदान ज्वारी असायची.

*

वैजयंतीने बुधवारची रजा टाकली आणि सकाळीच नवीन आवृत्ती लिहायला बसली. बदल साडेतीन ओळींचा होता. जो तीनदा गैरहजर, त्याला शेवटी पाठवायचं. साडेनऊला काम झालं आणि तिने ते वर चढवलं.

असली सामायिक प्रोग्रॅमची भांडारं हल्ली एक राखणदार सांभाळतो, तोही प्रोग्रॅमच. कुणी वाकडंतिकडं काही घुसवू नये म्हणून नवीन आवृत्ती आली की तो तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या चाचण्या चालवून बघतो. अकरा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं.

‘नमस्कार, वैजयंतीताई. आपला बदल स्वीकारता येत नाही. एकसष्ट हजार चारशे बारापैकी एकोणसाठ हजार आठ प्रोग्रॅम नापास होतात. गैरहजराची जागा टिकते, ही चाचणी आपण स्वतः लिहिली असून ती अनिवार्य ठेवली आहे.’

तिने लिहिलं, ‘ती मीच लिहिली आणि आता मीच रद्द करतेय.’

‘आपल्या भावनेचा आदर आहे. अनिवार्य चाचणी रद्द करण्यासाठी तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सर्वांची संमती लागते.’

‘ते सगळे म्हणजे कोण? त्यांचे मदतनीस?’

‘बहुतांशी होय.’

‘आणि ते काय म्हणणार?’

‘थांबा, मालकांना विचारतो, असे म्हणण्याची शक्यता अधिक आहे.’

तिने हात टेकले. विद्यार्थ्यांना ती जन्मभर बजावत आली होती, चाचणी लिहा, चाचणी लिहा, उद्या तुमचं काम कुणी बिघडवू नये. आता तिचं काम ती स्वतःसुद्धा सुधारू शकत नव्हती. तिने दुसरी पद्धत लिहून पाहिली, जुन्याला धक्का न लावता नवी सोय म्हणून. राखणदाराने ती आनंदाने घेतली. पण ती वापरायची की नाही हे केंद्राच्या ठेकेदारावर होतं, आणि ठेकेदाराचा मदतनीस म्हणाला, थांबा, मालकांना विचारतो.

दुपारी मुनीरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो शेवटी म्हणाला, “मॅडम, सांगू नये, पण सांगतो. त्या बावीसातल्या चार नावांपुढं कोरे लिवलंय. पत्ता विश्रामबागेचा.”

विश्रामबागेतलं कोरे कुटुंब म्हणजे ती, तिचा नवरा राजशेखर आणि मुलगी गिरिजा. चौथं नाव तिच्या सासूबाईंचं होतं. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती.

*

“केंद्र सुरू झालं त्याच दिवशी लावले होते,” राजशेखर म्हणाले. विम्याच्या कचेरीतून ते नुकतेच आले होते, चहाचा कप हातात होता. “सात वर्षं झाली. चौघांचे एकदम. तूच म्हणाली होतीस की लावा.”

“मी म्हणाले होते?”

“मान हलवली होतीस.”

“आणि आईंचा?”

“तो काढता येत नाही. मी प्रयत्न केला. त्यांनी स्वतःच्या आवाजात नको म्हणायला पाहिजे.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “त्यांचा मदतनीस अजून दर वेळी सांगतो, मालकीणबाईंना विचारतो.”

एरवी या गोष्टीवर दोघं पोट धरून हसली असती. वैजयंतीने कागदावर आकडे मांडले. बावीस पुढे, चव्वेचाळीस मिनिटं. तिने स्वतःचा डबा काढला तर बेचाळीस. राजशेखरांनी काढला तर चाळीस, म्हणजे नेमकी बादली. गिरिजाने काढला तरच अडतीस, तरच अण्णांचा डोळा.

“माझा काढतो,” राजशेखर म्हणाले. तेवढं त्यांचं मन मोठं होतं. “पण गिरिजाचा नाही.”

“अहो, पण तिच्याशिवाय...”

“वैजू, तिच्या डोळ्यांचं तुला माहीत नाही का?”

माहीत होतं. गिरिजा चोवीस वर्षांची होती आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांची काच शंकूसारखी पुढे यायला लागली असल्याचं निघालं होतं. सध्या खास भिंगांवर भागत होतं. पुढे पाच वर्षांनी, कदाचित दहा वर्षांनी, नवीन पटल लागणार. कदाचित कधीच लागणार नाही. त्या बावीस डब्यांत खरा म्हणावा असा एकच डबा असेल तर तो तिचा.

गिरिजा दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“किती मागे जाईन मी?” तिने विचारलं.

“सध्या चार लाख आहेत,” वैजयंती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

गिरिजा खुर्चीत बसली. “मामाचा डोळा जावा असं मला वाटत नाही, आई. पण माझं उत्तर नाही असं आहे. तू मला विचारतेयस ना? की सांगतेयस?”

“विचारतेय.”

“मग नाही.”

“आज लागणाऱ्या माणसाला आज मिळू नये आणि पुढे कधीतरी लागेल म्हणून...”

“हा नियम कुणी लिहिला?” गिरिजा म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “सतरा वर्षं तू सगळ्यांना सांगत आलीस, हजर नाही म्हणून कुणाची जागा जाऊ नये. माझ्यावर आलं तेव्हा तू बदललीस.”

राजशेखर कप ठेवायला आत गेले ते परत आलेच नाहीत. वैजयंतीला गिरिजाचा राग आला, नवऱ्याचा आला, मेलेल्या सासूबाईंचाही आला. सगळ्यात जास्त राग आला तो दिवाळीच्या सुट्टीत खारे शेंगदाणे खात कीबोर्ड बडवणाऱ्या, स्वतःवर फार खूश असलेल्या बत्तीस वर्षांच्या एका बाईचा.

ती उठून आतल्या खोलीत गेली. राखणदार तिला काही बदलू देत नव्हता. पण लेखकाला आपलं लेखन मागे घ्यायचा हक्क असतो, आणि त्याला चाचणी नसते. इतक्या वर्षांत ते बटण तिने कधी दाबून पाहिलं नव्हतं.

‘रांगोबा मागे घेतल्यास उद्या सकाळी सहा वाजता त्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्रॅम थांबतील,’ राखणदाराने लिहिलं. ‘बारा तासांत तो परत न लावल्यास सर्व रांगांच्या याद्या आपोआप पुसल्या जातील. लोकांची माहिती बेवारस राहू नये, यासाठी ही सोय आपणच केली होती. खात्री आहे का?’

तिची खात्री नव्हती. तिने ‘हो’ लिहिलं.

*

गुरुवारी सकाळी सहा वाजता राज्यातल्या रांगा थांबल्या. कुठे काही फुटलं नाही, दिवे गेले नाहीत. फक्त टोकन देणारी यंत्रं गप्प बसली आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दवाखान्यांत कारकुनांनी वह्या काढल्या. तासाभरात वैजयंतीचा फोन तापला. खात्यातून एक साहेब आधी विनंतीने बोलले, मग कायद्याने. प्राचार्यांचा फोन आला. नववा फोन जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून होता.

“बाई, आमच्या वस्तीचा टँकर आज सहाव्या नंबरला होता,” तो माणूस म्हणाला. “आता ज्यांची घरं डांबरी रोडला हायत, त्यांनी अडवून घेतला. आमी तिथं हजर कसं व्हायचं? चौदा किलोमीटर हाय.”

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि मिरजेची बस धरली.

केंद्राच्या व्हरांड्यात मुनीर वही घेऊन उभा होता. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर तरतरी होती. “कोण कोण हजर हाय, एवढंच इचारतो,” तो म्हणाला. “डॉक्टर बाई म्हणाल्या, हजर असतील त्यांच्यात ज्याची निकड जास्त तो आधी.” मागच्या वॉर्डातून अकरा जण आले. पट्ट्या बांधलेले, कुणाचा हात धरलेले. अकराच. चार लाखांतले.

ऐनापुरे बाईंनी अर्ध्या तासात अकरा जणांचे डोळे तपासले. पहिला नंबर म्हैसाळच्या एका बारा वर्षांच्या मुलीचा लागला, दुसरा अण्णांचा. पावणेबाराला एक पटल पिकलं, ते मुलीला गेलं. मग काहीच नाही. एक वाजला, दोन वाजले. वैजयंती काचेला नाक लावून बसली आणि आत द्रावाच्या तबकड्या ढिम्म बसून राहिल्या. तिला वाटलं, सगळ्या राज्याचा खेळखंडोबा केला तो काय यासाठी? तीन वाजून दहा मिनिटांनी आतल्या बाईंनी हात वर केला. मुनीरने व्हरांड्यातून हाक मारली. तिसऱ्या मिनिटाला अण्णा आत होते.

साडेचारला ऐनापुरे बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बसलं. छान बसलं.” वैजयंती बाकावर बसली आणि थोडी रडली. मग डोळे पुसून वर पाहते तर समोर गिरिजा उभी होती.

“मामा?”

“वाचला डोळा.”

“बरं झालं.” तिने मनापासून म्हटलं, हे दिसत होतं. मग ती शेजारी बसली. “आता परत लाव. सहाला अजून सव्वा तास आहे. मामाचं काम झालं. माझी जागा परत येईल, त्या टँकरवाल्यांची येईल. बाबा म्हणतात, खात्याचे लोकही मग तक्रार करणार नाहीत.”

तिचं सगळं खरं होतं. वैजयंतीने पिशवीतून फोन काढला. एक बटण होतं. व्हरांड्यात नऊ जण अजून बसलेले होते. त्यातली खटाव तालुक्यातली एक म्हातारी मघापासून गुडघ्यावर हात ठेवून, पट्टी बांधलेला चेहरा काचेपलीकडच्या आवाजाकडे करून बसली होती. उद्या सकाळी पटल पिकलं तर सात वर्षांपूर्वी नोंदणी केलेल्या कुठल्यातरी पैलवानाच्या मदतनिसाला आधी विचारलं जाणार. आणि तिच्या सासूबाईंना.

“नाही लावत,” ती म्हणाली.

“आई, मी तुला नाही म्हटलं होतं. तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं. म्हणून तू एका माणसाची नाही, सगळ्या राज्याची रांग मोडलीस. मला नावानं काढायचं धाडस तुला झालं नाही एवढंच.”

“हो,” वैजयंती म्हणाली. “तसंच झालं.”

“निदान तसं नाही, असं तरी म्हण.”

“कशाला म्हणू? तसंच आहे. आणि तरीही लावत नाही.”

गिरिजा उठली. व्हरांड्यातल्या नऊ जणांच्या मागे जाऊन उभी राहिली. बाकावर जागा होती, तरी उभीच राहिली. तिच्या मागे आणखी माणसं येत होती. बातमी पसरली होती की केंद्रात हजर माणसाची नोंद होते. खऱ्या पट्ट्यांची, काठ्यांची, हाताला धरून आणलेली माणसं आवारात उतरत होती. रांग फाटकापर्यंत गेली.

सहाला पाच मिनिटं असताना मुनीर नवी वही घेऊन आला. जुन्या याद्या पुसल्या गेल्या की हीच वही खरी, असं वरून ठरलं होतं. तोपर्यंत नियमही छापून लावला होता, जाड अक्षरांत: हजर असेल त्याचीच नोंद होईल. वैजयंतीने तो वाचला. सकाळी फोनवर साहेबांना तिनेच रागाच्या भरात हे वाक्य सांगितलं होतं.

मुनीर एकेकाचं नाव लिहीत दहाव्या जागेपाशी आला. तिथे कुणी नव्हतं.

“हितं कोण?”

“गिरिजा कोरे,” वैजयंती धावत पुढे झाली. “माझी मुलगी. मामाची भूल उतरली म्हणून आत बघायला गेलीय. दोन मिनिटांत...” आणि ती अडखळली.

मुनीरने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “मॅडम, तुमचाच नियम हाय. हितं सोडलं, तर मागची समदी आपापल्या माणसांची नावं सांगत्याल. मग कालचं आणि आजचं काय निराळं?”

तो बरोबर होता. ती सतरा वर्षांपूर्वी बरोबर होती, आज सकाळी बरोबर होती, आणि दोन्ही वेळा तिच्या बरोबर असण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती. तिला ओरडावंसं वाटलं. तिने तोंड मिटून मान हलवली आणि ती बाजूला झाली.

“पुढचं नाव सांगा,” मुनीर अकराव्या जागेवरच्या बाईला म्हणाला. एका डोळ्यावर कापूस, डोक्यावर पदर, चाळिशीतली. आटपाडीकडची असावी.

“माझं नगं. आधी तिचं लिवा.”

“ती हजर न्हाई, मावशी.”

“हाय की. हिरव्या डरेसातली, भिंगं लावती ती. घंटाभर माझ्यापुढं उभी हाय. मला म्हणाली, मामाचा डोळा बगून येते. तिनं माझी पिशवी धरली मघाशी, मी पाणी प्यायला गेलती तवा. ती न्हाई म्हणून मी पुढं सरकू व्हय?”

“मावशी, तुमाला फायदा हाय. एक नंबर पुढं...”

“मी सांगतीया न्हवं, लिव.”

मुनीर पेन हवेत धरून उभा राहिला. मागून कुणीतरी खाकरलं. बारावा म्हणाला, लिहा, आम्ही पण बघितलंय तिला. मुनीरने हताश होऊन वैजयंतीकडे पाहिलं. “मॅडम, लिवू? पण कुठल्या नियमात बसवू? उद्या वरून इचारलं तर?”

वैजयंतीने विचार केला. हे सुतळीत कसं लिहायचं? बाईने पिशवी धरायला दिली, ही कोणती अट झाली? मागचा माणूस स्वतःचं नुकसान करून सांगतोय, हे यंत्राला कसं कळणार, आणि मदतनिसांनी उद्या तेही शिकून घेतलं तर? तिला एकही ओळ सुचली नाही.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “लिहा.”

मुनीरने दहाव्या ओळीत गिरिजाचं नाव लिहिलं. हजेरीच्या रकान्यात त्याला काही भरता येईना, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात त्याने बारीक अक्षरांत लिहिलं: ‘मागच्या बाईंनी सांगितलं.’ आणि मग तो त्या बाईचं नाव विचारायला वळला.